ताट आणि अंथरूण : प्रस्तावना

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत दुसरी पाळी सुटते तेव्हा मध्यरात्र झालेली असते. कंपनीची बस सिडको, पाथर्डी फाटा, नाशिकरोड अशी माणसं उतरवत जाते आणि साडेबारानंतर एखाद्या घरातल्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. झाकून ठेवलेली भाजी पुन्हा गरम होते. चार पोळ्या, वरण-भात, लोणचं असं पूर्ण जेवण होतं आणि एकच्या सुमाराला माणूस आडवा होतो. डोळा लगेच लागतो. तीनच्या आसपास छातीत जळजळ होऊन जाग येते. मग उठून पाणी पिणं, भिंतीला टेकून बसणं, पुन्हा पडणं आणि सकाळी मुलांच्या शाळेच्या गडबडीत जड डोक्याने उठणं. ही माणसं औषधाच्या दुकानात अ‍ॅसिडिटीची गोळी मागतात. झोपेची तक्रार कुणी करत नाही, कारण त्यांच्या मते झोप तर पडल्या पडल्या लागते.

त्याच सुमाराला निफाड किंवा सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर दुसरा माणूस घराबाहेर पडत असतो. शेतीच्या थ्री फेज लाइटची पाळी त्या आठवड्यात रात्रीची असते आणि कांद्याला पाणी भरायचं असतं. तो साडेसातला बाजरीची भाकरी खाऊन लवकर पडलेला असतो आणि भर झोपेतून उठून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन, बिबट्याच्या धास्तीने आवाज करत मोटरीकडे निघतो. पहाटे परत आल्यावर पोटात काही नसतं. चहा होतो, मग धारा काढायच्या असतात. जेवण वेळेवर होऊनही याची झोप मोडलेली असते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिचा विचार पिकाच्या आणि विजेच्या हिशेबात होतो. माझ्या मते तिची नोंद आरोग्याच्या खात्यातही व्हायला हवी, कारण दिवसाची वीज म्हणजे शेतकऱ्याची सलग रात्र.

जिल्ह्याच्या उत्तरेला मालेगावात यंत्रमागांची खडखड रात्रीही चालू असते. रमजानचा महिना आला की तिथल्या जेवणाचं सगळं वेळापत्रक फिरतं. सूर्यास्ताला इफ्तार, त्यानंतर तरावीहची नमाज, उशिरापर्यंत गजबजलेला बाजार आणि उजाडण्यापूर्वी सहेरी. चांद्रवर्षामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून उपवास हिवाळ्यात बारा तासांहून थोडा अधिक, तर उन्हाळ्यात चौदा तासांच्या पुढे जातो. रमजानमधल्या झोपेचे अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. रात्रीची झोप तासाभराच्या आसपास घटते आणि झोपायची वेळ पुढे जाते, असं त्यांत बहुतेक ठिकाणी दिसतं. पण ही घट उपवासामुळे होते की रात्र जागवल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे. दिवसभर माग चालवणाऱ्या माणसाला तर इफ्तार ते सहेरी एवढ्या अवधीत जेवण, प्रार्थना, घर आणि झोप हे सगळं बसवायचं असतं.

आणि याच जिल्ह्यात, मुंबईच्या वाटेवर, इगतपुरीला धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये उभारलेल्या या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे चारला उठायची घंटा, साडेसहाला नाश्ता, अकराला दिवसाचं मुख्य जेवण. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं किंवा असंच काही हलकं मिळतं. आधी शिबिर केलेले जुने साधक दुपारी बारानंतर काही खात नाहीत, त्यांना लिंबूपाणी. साडेनऊला दिवे मालवायचे. म्हणजे तिथे रात्रीचं जेवण हा प्रकारच नाही. जगभर वेळेवर जेवण्याच्या ज्या पथ्यांची चर्चा चालते त्यांतलं सगळ्यात कडक पथ्य आपल्या घाटमाथ्यावर जवळपास पन्नास वर्षं चालू आहे. अर्थात तिथे फोन नसतो, बोलणं नसतं, दिवसाचे दहा तास ध्यानाला बसायचं असतं, त्यामुळे तिथल्या झोपेचं श्रेय एकट्या रिकाम्या पोटाला देता येणार नाही. तरी एक गोष्ट तिथे स्पष्ट होते. आपल्याला अढळ वाटणारं रात्रीचं भरपेट जेवण बऱ्याच अंशी सवयीचं असतं आणि निरोगी माणसाचं शरीर थोड्या दिवसांत नव्या वेळेला रुळतं.

एकाच जिल्ह्यातल्या या चार रात्री या पुस्तकाच्या मुळाशी आहेत. झोपेवरचं बहुतेक लेखन ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे अशा वाचकाला उद्देशून असतं. संध्याकाळी सातला जेवा, दहाला झोपा, असं त्याला सांगता येतं. नाशिकमध्ये ज्यांची झोप खरोखर बिघडली आहे त्यांतल्या बहुतेकांची जेवणाची वेळ मात्र कारखान्याचा भोंगा, वीज कंपनीचं वेळापत्रक, बाजार समितीचा लिलाव किंवा घरातल्या इतरांची भूक ठरवत असते. म्हणून पुढच्या प्रकरणांत घड्याळातल्या वेळेला मी फारसं महत्त्व दिलेलं नाही. माणूस कधी झोपणार आहे तिथून मागे मोजायचं आणि त्याच्या दिवसात मोठं जेवण कुठे बसतं ते शोधायचं, ही या पुस्तकाची रीत आहे.

ती रीत का धरली हे समजायला शरीरातल्या घड्याळांकडे जावं लागतं. ही घड्याळं पेशींत कशी चालतात याचा उलगडा फळमाशीवरच्या संशोधनातून झाला आणि त्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर असतं आणि ते उजेडावर लावलं जातं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबी यांचीही आपापली घड्याळं आहेत आणि ती जेवणाच्या वेळेकडे पाहतात. जिनिव्हातल्या संशोधकांनी २००० साली उंदरांना फक्त दिवसा, म्हणजे उंदरांच्या झोपेच्या वेळी, खायला घातलं. थोड्याच दिवसांत यकृताचं घड्याळ उलटं फिरलं आणि मेंदूतलं मात्र जागचं हललं नाही.

माणसांत हे इतक्या टोकाला जात नाही, पण दिशा तीच दिसते. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात २०१७ साली दहा तरुणांना आधी उठल्यावर लगेच नाश्ता आणि त्यानुसार पुढची जेवणं दिली, मग तीच जेवणं पाच-पाच तास उशिरा दिली. झोपायची वेळ, उजेड, अन्न, सगळं तेच. रक्तातल्या साखरेचा दिवसभराचा चढ-उतार पाच तासांहून जास्त पुढे सरकला. मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉल ही झोपेशी जोडलेली संप्रेरकं मात्र आपल्या जुन्याच वेळेला धरून राहिली. म्हणजे जेवण उशिरा नेलं तर एकाच शरीरात दोन वेळा चालू राहतात. मेंदू म्हणतो रात्र झाली आणि पोटाला अजून संध्याकाळ वाटत असते. दुसऱ्या पाळीच्या माणसाचं सकाळचं ते जड डोकं मला या दृष्टीने कळू लागलं.

मेलाटोनिनचा इथे आणखी एक संबंध आहे. ते अंधार पडल्यावर वाढू लागतं, नेहमीच्या झोपेच्या दोन-एक तास आधीपासून. ते वाढलेलं असताना स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही. स्पेनमध्ये ८४५ माणसांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपेच्या चार तास आधी आणि एक तास आधी अशा दोन वेळांची तुलना केली. उशिराच्या वेळी इन्सुलिन सुमारे सात टक्के कमी आणि साखर आठ टक्क्यांहून जास्त चढलेली आढळली. ज्या घरात मधुमेहाचा वारसा आहे, आणि आपल्याकडे असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, त्या घरासाठी हा आकडा लहान नाही.

आता प्रत्यक्ष झोपेबद्दल. उशिरा जेवलं की झोप लागत नाही असं आपण सरसकट म्हणतो. प्रयोग हे इतक्या सरळपणे मान्य करत नाहीत आणि ते इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी वीस निरोगी माणसांना एका दिवशी संध्याकाळी सहाला आणि दुसऱ्या वेळी रात्री दहाला तेच जेवण दिलं आणि अकराला झोपवलं. दहाला जेवून अकराला झोपलेल्यांची झोप फारशी बिघडली नाही. रात्रीच्या सुरुवातीला ती थोडी जास्त गाढ आणि पुढे थोडी हलकी झाली, इतकंच. पण त्याच रात्री त्यांची साखर जास्त चढली, सर्वोच्च पातळी सुमारे अठरा टक्क्यांनी वर गेली आणि चरबी जाळण्याचं प्रमाण घटलं. कामगाराला झोप तर लगेच लागते असं का वाटतं, ते यातून उमगतं. त्याचं म्हणणं खरंच आहे. फक्त अंथरुणावर पडल्यापासूनचा पहिला तास म्हणजे सगळी रात्र नव्हे, आणि पोटात, रक्तात काय चाललंय ते झोपलेल्याला कळत नाही.

छातीतली जळजळ मात्र कळते. जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक स्नायूंचं कडं असतं. भरलेल्या पोटाने आडवं झालं की त्याच्यावर दाब येतो, आम्ल वर सरकतं आणि झोपेत गिळणं जवळजवळ थांबलेलं असल्यामुळे ते लवकर खाली जात नाही. ओसाका इथल्या एका अभ्यासात, २००५ साली, जेवण आणि झोप यांत चार किंवा जास्त तास ठेवणाऱ्यांच्या तुलनेत तीन तासांहून कमी अंतर ठेवणाऱ्यांत या विकाराची शक्यता सातपटीच्या आसपास आढळली. आपल्या जेवणात तेल, तिखट आणि तळण असतं आणि नाशिककरांची मिसळ रस्सा-तर्रीशिवाय पुरी होत नाही. ती सकाळी खाण्याची इथली पद्धत मला या एका कारणासाठी फार शहाणपणाची वाटते. रविवारी सकाळी मळ्यातल्या मिसळीच्या जागांवर जी गर्दी असते तिच्या पुढे अख्खा दिवस पचायला पडलेला असतो. तोच पदार्थ रात्री अकराला कॉलेजरोडवर खाऊन घरी येऊन झोपणं हा वेगळा व्यवहार झाला. ज्यांना रात्री जळजळते त्यांनी डाव्या कुशीवर झोपावं, हा जुना सल्ला आजच्या मोजमापांतही टिकला आहे.

ताटात काय असावं यावर पुस्तकात दोन प्रकरणं आहेत, त्यामुळे इथे मोजकंच लिहितो. सिडनीमध्ये २००७ साली बारा निरोगी पुरुषांना झोपेच्या चार तास आधी दोन तऱ्हेचा भात दिला. लवकर साखर होणाऱ्या भातावर त्यांना सरासरी नऊ मिनिटांत झोप लागली, सावकाश पचणाऱ्या भातावर साडेसतरा मिनिटांत. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाऊ घरांना हे वाचून बरं वाटेल, पण ती माणसं तरुण होती, मधुमेही नव्हती आणि भात चार तास आधीचा होता. तोच भात एक तास आधी दिला तेव्हा झोप यायला जवळपास पंधरा मिनिटं लागली. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सव्वीस माणसांच्या खाण्याची आणि झोपेची नोंद ठेवली गेली. चोथा कमी आणि साखर, तूप-लोण्यासारखी घट्ट चरबी जास्त, अशा दिवसांनंतर झोप हलकी आणि मोडकी होती. पेठ-सुरगाण्याची नागली, येवला-सिन्नरची बाजरी, ही आपली रोजची भाकरी चोथ्याच्या बाबतीत कुठल्याही महागड्या पाकिटाला हार जाणारी नाही. लोकांना ती सोडून मैद्याच्या पावाकडे आणि बिस्किटांकडे जाताना पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

दुधाचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. झोपताना कोमट दूध घ्यावं का? दुधात ट्रिप्टोफॅन असतं, त्यापासून मेंदूत सेरोटोनिन आणि पुढे मेलाटोनिन तयार होतं, हे खरं आहे. पण पेलाभर दुधात ते साधारण शंभर मिलिग्रॅम असतं आणि ज्या प्रयोगांत त्याचा झोपेवर परिणाम दिसला त्यांत मात्रा याच्या कितीतरी पट होती. शिवाय दुधातली इतर अमिनो आम्लंही त्याच दाराने मेंदूत शिरायला बघतात. तेव्हा दुधाने झोप येते ती बहुधा भूक शमल्यामुळे आणि रोजच्या सवयीमुळे. कोजागरीला आपण तेच दूध आटवून, मसाला घालून, मध्यरात्री गच्चीवर पितो आणि जागतो. ज्याला पचतं त्याने दूध जरूर घ्यावं. त्याला औषध समजू नये, इतकंच माझं म्हणणं.

द्राक्षांबद्दलही असंच. द्राक्षाच्या सालीत मेलाटोनिन असतं हे इटलीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं आणि तेव्हापासून द्राक्ष खा, वाइन घ्या, झोप येईल, असं कानावर येतं. त्यांच्या मोजणीत एका ग्रॅम सालीत एक नॅनोग्रॅमसुद्धा भरत नव्हतं. औषधाच्या गोळीत ते मिलिग्रॅममध्ये असतं. नाशिकच्या मळ्यांतली सगळ्यात गोड टोपली संपवली तरी ही दरी भरणार नाही. वाइन आता इथल्या ओळखीचा भाग झाली आहे, पहिली बाटली आली त्याला पाव शतक होऊन गेलं. म्हणून निःसंदिग्ध लिहितो की मद्याने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री फुटते. स्वप्नांची झोप कमी होते, घोरणं वाढतं. झोप यावी म्हणून ते कुणी घेऊ नये.

चहा मात्र गंभीर प्रकरण आहे, कारण तो सगळेच पितात आणि त्याला खाण्यात कुणी मोजत नाही. कॅफीन निम्मं उतरायला शरीराला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. डेट्रॉइटमध्ये २०१३ साली झोपेच्या सहा तास आधी चारशे मिलिग्रॅम कॅफीन दिलं तेव्हा झोप तासाहून जास्त घटली. आपल्या एका कप चहात तीस ते पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका कटिंगने आभाळ कोसळत नाही. पण तिसऱ्या पाळीतला माणूस रात्री अकरा, एक, तीन आणि पाच असा चहा घेतो आणि आठला पडद्याआड झोपायला जातो. पाचचा चहा त्याच्या रक्तात अजून बराच शिल्लक असतो. रात्रपाळीतला शेवटचा चहा दोनच्या पुढे जाऊ नये, ही एक सूचना जरी पाळली गेली तरी पुष्कळांच्या सकाळच्या झोपेला आधार मिळेल.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. चरकसंहितेत शरीराला तोलून धरणारे तीन आधार सांगितले आहेत. पहिला आहार, दुसरा निद्रा, तिसरा ब्रह्मचर्य. आहार आणि निद्रा तिथे शेजारी आहेत हे मला महत्त्वाचं वाटतं. रात्री दही खाऊ नये हेही तिथलंच. पण माझं सगळ्यात लक्ष वेधलं ते वाग्भटाच्या अष्टांगहृदयातल्या एका सूचनेने. सवय नसताना रात्र जागावी लागली तर जेवढा वेळ जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं आणि ते जेवण्याआधी. पाळीच्या कामगारासाठी कुणी आज लिहावा असा हा सल्ला आहे. बॉस्टनच्या संशोधकांनी २०२१ साली रात्रपाळीचा कृत्रिम प्रयोग केला. एकोणीस जणांपैकी ज्यांना रात्रीही जेवण दिलं त्यांची साखर सहा टक्क्यांहून जास्त वाढली आणि ज्यांना फक्त दिवसा जेवण दिलं त्यांची वाढली नाही. वाग्भट आणि बॉस्टन एकच गोष्ट सांगतात असं मी म्हणणार नाही, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पण जागरणाच्या रात्रीचा विचार जेवणासकट करायचा, हे दोघांनाही सुचलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद दोन्हींची महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. सातपूरच्या कामगारांच्या झोपेचा आणि डब्याचा अभ्यास करायला याहून योग्य शहर कुठलं?

जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवायची रीत आहे. म्हसरूळच्या गजपंथ तीर्थाजवळच काय, शहरातल्या पेठांतही दुकान मुलाच्या हवाली करून डिसेंबरात सहाच्या आत जेवायला जाणारे व्यापारी दिसतात. त्यांचं कारण धर्माचं आहे आणि ते तसंच राहू द्यावं. त्यावर विज्ञानाचा शिक्का मारायची घाई मला पटत नाही. पण ही माणसं व्यवसाय सांभाळून, पिढ्यान्‌पिढ्या, लवकर जेवत आली आहेत, म्हणजे ते शहरात राहून जमतं एवढं तरी त्यांच्याकडून घेता येतं.

२०१८ च्या सुमाराला महाराष्ट्रात घरोघर एक वाद रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित, डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा असं सांगत होते. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा असं सांगत होत्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन बाजू पडत. त्या चर्चेत वजन आणि साखर पुढे राहिली, झोप मागे. दोन जेवणांच्या पद्धतीत दुसरं जेवण रात्री साडेनऊला येत असेल आणि माणूस साडेदहाला झोपत असेल तर फायद्यातला काही भाग तिथेच जातो. दर दोन तासांनी खाणाऱ्याचं शेवटचं खाणं अंथरुणात होत असेल तर त्याचंही तेच. किती वेळा जेवायचं यावर या पुस्तकात मत दिलेलं नाही. शेवटचा घास कधी, एवढंच विचारलं आहे.

आणि झोपेकडून ताटाकडे जाणारी उलटी वाटही आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. शिकागोत २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन अठरा टक्क्यांनी उतरलं, भूक चेतवणारं घ्रेलिन अठ्ठावीस टक्क्यांनी चढलं, आणि त्यांना गोड, खारं, पिठूळ खावंसं वाटू लागलं. वडा-पाव आणि फरसाणावर जगणाऱ्या रात्रपाळीच्या पोराला जिभेवर ताबा नाही म्हणून बोलण्याआधी तो किती तास झोपला हे विचारावं.

या पुस्तकातलं एक प्रकरण घरातल्या बाईबद्दल आहे आणि ते लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदला घरकामात घालवतात असं आढळलं, पुरुष ९७ मिनिटं. ही मिनिटं बरीचशी जेवणाच्या दोन्ही टोकांना असतात. सगळ्यांची ताटं झाल्यावर ती जेवते, भांडी आवरते, दही लावते, सकाळच्या डब्याची भाजी निवडते. नवरा दुसऱ्या पाळीत असेल तर मध्यरात्रीपर्यंत जागी राहते आणि त्याच्याबरोबर पुन्हा दोन घास खाते. पहाटे पाण्याच्या वेळेला पहिली तीच उठते. तिला लवकर जेवायचा सल्ला देणं निरर्थक आहे. सल्ला घराला द्यायला हवा. आधी तिचं ताट वाढा, किंवा सगळे एकदमच बसा. डब्याची तयारी दुसऱ्या कुणीतरी करा. यातलं काहीच वैद्यकाच्या पुस्तकात बसत नाही, पण या गावात झोप सुधारायची असेल तर सुरुवात इथूनच होईल.

आता पुन्हा पाळीकडे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून जास्त काम न देता मध्ये किमान अर्धा तास विश्रांती ठेवायला सांगितलं आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन बंधनकारक करण्याची तरतूद केली. त्यामुळे मोठ्या कंपन्यांत दुसऱ्या पाळीला संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला गरम जेवण मिळतं. अंबडच्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही, तिथे डबाच असतो आणि तो बहुधा दुपारीच थंड झालेला असतो. माझं सांगणं असं की दुसऱ्या पाळीच्या माणसाने पोट भरून जेवायचं ते या सुट्टीत. मध्यरात्री घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी, नाहीतर ताक-भात, तोही थोडाच. घरी वाट पाहणाऱ्या आईला किंवा बायकोला हे नीट समजावून सांगायला हवं, कारण तिच्यासाठी ते ताट म्हणजे दिवसभरातली एकमेव भेट असते. भेट राहू द्यावी. बसावं, बोलावं. फक्त चार पोळ्या सातच्या सुट्टीकडे सरकवाव्यात.

तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी, आठ-नऊला, नीट जेवून जावं. रात्री दोन-तीनला भूक लागलीच तर शेंगदाणे-गूळ, फुटाणे किंवा एखादं फळ. कॅन्टीनमधली तळलेली भजी नकोत. सकाळी घरी आल्यावर उपाशीपोटीही झोपू नये, भुकेने मेंदू जागा राहतो. थोडंसं खाऊन अंधाऱ्या खोलीत झोपावं आणि मोठं जेवण उठल्यावर. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर शरीर पूर्ण कधीच रुळत नाही. त्या माणसासाठी जेवणाच्या वेळा दर आठवड्याला मुळापासून उलट्या करण्यापेक्षा दिवसातलं एक जेवण, शक्यतो दुपारचं, सगळ्या पाळ्यांत त्याच वेळी ठेवणं जास्त निभतं. हे प्रयोगशाळेतून आलेलं नाही, वर्षानुवर्षं पाळ्या केलेल्या माणसांशी बोलून मला पटलेलं आहे, आणि त्या प्रकरणात तसं सांगितलं आहे.

पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यासाठी वेगळा बेत आहे, वाइनरीतल्या आणि हॉटेलातल्या मुलांसाठी वेगळा, नीट आणि एमपीएससीच्या अभ्यासात रात्र काढणाऱ्यांसाठी थोडक्यात एक. रमजान आणि एकादशीच्या उपवासांवर शेवटचं प्रकरण आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली कुठलीही वेळ बदलू नये. जेवण पुढे-मागे गेलं आणि औषध तसंच राहिलं तर झोपेतच साखर धोक्याइतकी उतरू शकते. गर्भवतींनी, आणि ज्यांना खूप घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा गाडी चालवताना पेंग येणं असे त्रास आहेत त्यांनीही हे पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. त्यांच्या बिघडलेल्या झोपेचं कारण बहुधा ताटात नसतं.